पाहणाऱ्याचा धर्म

बडोद्याच्या उत्तरेस समा नावाचे एक गाव होते. आज ते शहरात मिसळून गेले आहे. सावलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा नव्या वसाहती उठल्या आहेत व अजून उठत आहेत. तेथे एका स्नेह्यांच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेस आम्ही गेलो होतो. पूजा आटोपून मंडळी बसली असता कोपऱ्यावरच्या दुकानातून चहा आला. तो घेऊन येणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असावा. त्याची शाळा सकाळची, दुपारची की मुळीच नाही, तो दुकानदाराचा मुलगा की पोटासाठी राबणारा परका पोर, यांपैकी काहीच आम्ही विचारले नाही. पेला रिकामा करून त्याच्या तबकात ठेवला आणि चाललेल्या बोलण्याकडे वळलो. बोलणे, सांगावयास संकोच वाटतो, मुलांवरील संस्कारांविषयी होते.

घरी परतल्यावर एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. दुसऱ्याच्या मुलाकडे लक्ष ठेवण्याचा आपणास अधिकार आहे काय? आणि तो अधिकार नसून कर्तव्य असेल, तर ते कोणाचे? सरकारचे, की पेला हाती घेणाऱ्याचे?

या प्रश्नाची पहिली उत्तरे शोधण्यास बडोद्याबाहेर जावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. मुलांना सातव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत आणि मुलींना सातव्यापासून दहाव्यापर्यंत शाळेत पाठविणे आईबापांस बंधनकारक झाले. नामदार गोखल्यांनी १९११ साली हेच तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. त्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. परंतु सक्ती म्हणजे केवळ हुकूम नव्हे. कोणत्या गावात शाळेच्या वयाची मुले किती, त्यांतील कोण येत नाही, का येत नाही, याची नोंद ठेवल्यावाचून हुकूम कागदावरच राहतो. मुलाचे हित इच्छिणाऱ्या राज्याने आधी मूल मोजले पाहिजे, हा धडा बडोद्याने त्या काळी दिला.

दुसरा धडा मात्र कटू आहे. १९०४ साली महाराजांनी बालविवाहास आळा घालणारा कायदा केला. मुलीचे वय बारा व मुलाचे सोळा ही मर्यादा ठरली. संस्थानातच उंझे येथे उमिया मातेचे मंदिर आहे. कडवा पाटीदार समाजाच्या विवाहांचा मुहूर्त तेथून निघे, आणि तोही नऊ-दहा-अकरा वर्षांतून एकदाच. तो चुकला तर पुढील दशकाची वाट पाहावयाची, म्हणून पाळण्यातील बाळांचीही लग्ने लागत. कायदा झाला, खटले झाले, दंड झाले. आणि दंड भरून लग्ने चालूच राहिली. सरकारी वहीत रकमेची नोंद बिनचूक होत असेल. ज्या मुलीपायी तो दंड भरला गेला तिचे बालपण मात्र त्या वहीने परत आणले नाही. ती चाल मोडली ती पुढे त्याच समाजातील सुधारकांनी आवाज उठविल्यानंतर.

हे वाचून दुसऱ्या समाजाकडे बोट दाखविण्याचा मोह कोणास होऊ नये. गोमंतकात आणि कोकणात आमच्याच देवळांना मुली वाहिल्या जात. तो विधी दिवसाढवळ्या, वाजतगाजत होई. मुहूर्त काढणारा, नैवेद्य रांधणारा, प्रसाद घेणारा, साऱ्यांनी ते पाहिले. मुंबई इलाख्यात त्यावर बंदी घालणारा कायदा १९३४ साली आला. गोमंतकात या प्रथेविरुद्ध आधी उभे राहिले ते राजाराम पैंगीणकरांसारखे, त्या प्रथेचे चटके सोसलेल्या समाजातलेच लोक. आम्ही पाहत नव्हतो असे नाही. आम्ही पाहत होतो, आणि त्यालाच भक्ती म्हणत होतो.

आता जगाने या कामासाठी मोठी यंत्रणा उभारली आहे. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केला आणि १९९२ साली भारताने तो स्वीकारला. प्रत्येक राष्ट्राने प्रथम दोन वर्षांनी व पुढे दर पाच वर्षांनी आपल्या मुलांच्या स्थितीचा अहवाल द्यावयाचा, आणि जिनीव्हा येथील १८ तज्ज्ञांच्या समितीने तो तपासावयाचा, अशी रीत आहे. ज्याने चूक केली त्यानेच चुकीचा जमाखर्च लिहावयाचा, हे या रीतीतील व्यंग उघड आहे. म्हणूनच समिती स्वयंसेवी संस्थांचेही म्हणणे ऐकून घेते. आपल्या देशातही २००७ साली राष्ट्रीय बालहक्क आयोग स्थापन झाला. २०१० साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्याने अमलात आला.

विकसनशील देशाची अडचण खरी असते. साधने अपुरी, मुले अनेक. करार स्वीकारतानाच भारताने सांगितले होते की बालमजुरी एकदम नाहीशी करणे शक्य नाही, ते क्रमाक्रमाने करावे लागेल. ही भूमिका आम्हांस सर्वस्वी अमान्य नाही. परंतु दारिद्र्य ही सावकाश चालण्याची सबब होऊ शकते. डोळे मिटून घेण्याची होऊ शकत नाही. शाळा बांधण्यास पैसा लागतो. हे मूल शाळेत का नाही, असे विचारण्यास काय लागते?

यावर कोणी म्हणेल, ही उठाठेव आहे. कोणी धाड घालून पोरास कामावरून हलविले, तर त्याच्या घरची चूल कोण पेटविणार? हा आक्षेप हलका नाही. जो लक्ष ठेवतो तो बहुधा गरिबाच्याच दारावर ठेवतो, हेही खरे. आमच्या मते याचे उत्तर पाहणे सोडण्यात नाही, पाहण्याची शिस्त बांधून घेण्यात आहे. पहिली शिस्त अशी की, आरंभ आपल्या घरापासून व आपल्या देवळापासून करावा. दुसरी अशी की, मुलाविषयी ठरविण्यापूर्वी मुलालाच विचारावे. करारातही मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे स्वतंत्र कलम आहे. आणि तिसरी अशी की, जे दिसले ते लपवू नये, ते आपल्या अपकीर्तीचे असले तरीही.

देवळाभोवती वावरणाऱ्या आम्हांस हे सहज शक्य आहे. २००६ च्या कायद्यान्वये बालविवाह लावून देणारा पुरोहितही दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो. पण शिक्षेच्या भयापेक्षा मोठी गोष्ट ही की, जन्मपत्रिका सर्वांआधी त्याच्या हाती येते. मुहूर्त काढण्यापूर्वी वय विचारणारा एक पुरोहित दहा अधिकाऱ्यांचे काम करील. उत्सवातील मांडव घालणारे, भांडी घासणारे, फुले विकणारे हात केवढे आहेत, हे विश्वस्तांनी पाहावे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो दर्शनाच्या वेळापत्रकाशेजारी लिहिल्याने देवाच्या मानास उणेपणा येणार नाही.

जिनीव्हाची समिती समा येथील चहाच्या तबकापर्यंत पोहोचणार नाही. तिच्याकडे जाणारा अहवाल अखेर कोणीतरी कोठेतरी पाहिलेल्या गोष्टींचाच बनतो, आणि कोणी पाहिलेच नाही, तर तोही कोराच राहतो. त्या सकाळी पाहण्याची पाळी आमची होती, आणि ती आम्ही चुकविली. त्या मुलाचे नाव आम्हांस आजही ठाऊक नाही. पुढील खेपेस ते विचारण्यापासूनच आरंभ करावयाचा आहे.