विषय हार्ड

परवा आमचे चिरंजीव अकरावीचा अकाउंट्सचा पेपर देऊन आले. "कसा गेला?" म्हटलं, तर बॅग फेकत म्हणाले, "बाबा, विषय हार्ड!"

मी बी.कॉम. आमच्या वेळीही हा विषय हार्डच होता. मी समजल्यासारखी मान डोलावली आणि संध्याकाळी विरार स्टेशनजवळच्या एका क्लासात आगाऊ फी भरून आलो. रात्री चिरंजीवांनी तळलेल्या बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला नि म्हणाले, "आई, बोंबील म्हणजे विषय हार्ड!" तेव्हा उलगडा झाला. हार्ड म्हणजे कठीण नव्हे, झकास! फी परत मिळत नाही.

"तेव्हाच विचारायचं नाही का?" ही म्हणाली. पण लाज वाटते हो! शब्द कळला नाही म्हणणं म्हणजे 'मी म्हातारा झालो' या अर्जावर आपणच सही करणं.

खरं तर वसईकराने नव्या शब्दांना भिऊ नये. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांना किल्ल्यातून घालवलं. पण त्यांची चावी, त्यांचा बटाटा मराठीत राहिला. महिनाभर मी ज्याची वाट पाहतो तो पगारसुद्धा मूळचा पोर्तुगीज! शब्दाचं नोटेसारखं आहे. समोरच्याने ओळखली तर नोट, नाहीतर कागद. आठ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस मी कॅश काउंटरवर काढलेत, मला विचारा.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर लाल लुगड्यातल्या एक आजी आल्या. मी सवयीने म्हणालो, "आजी, केवायसी पेंडिंग आहे, अकाउंट फ्रीज झालंय. इथे अंगठा द्या."

आजींनी मान डोलावली नि अंगठा पुढे केला. ती मान मला ओळखीची वाटली. काल माझीच तशी हलली होती. माझी नुसती फी गेली. इथे तर मी, न कळणाऱ्या शब्दावर, एका बाईचा अंगठा घेत होतो. आणि लाज मात्र तिला वाटत होती!

मी कागद मागे घेतला. "आजी, तुम्ही तुम्हीच आहात, याचा पुरावा हवा. आधार कार्ड, फोटो. तोवर पैसे काढता येणार नाहीत, पण ते कुठे जात नाहीत."

"असं सांग ना बाबा! मला वाटलं, फ्रीजच्या हप्त्याचा कागद आहे."

रांगेतला एक पोरगा ओरडला, "काका, विषय हार्ड!"

या वेळी मी मान डोलावली नाही. सरळ विचारलं, "चांगल्या अर्थी ना रे?"