बाळंतिणीचे गाव

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर स्नानास येणाऱ्याला, तो कोणत्या गावचा, हे कोणी विचारीत नाही. तानसेकाठचे हे ठिकाण भिवंडी तालुक्यात येते; आणि याच तालुक्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे जव्हार, मोखाडा, वाडा या बाजूंची कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे येऊन झोपड्या घालतात. त्यांतील गरोदर स्त्रीला मात्र गाव विचारले जाते; कारण आरोग्यखात्याच्या ज्या यादीत तिचे नाव, ती यादी पाड्यावरच राहिलेली असते. तिच्या शुश्रूषेचे कर्तव्य नाव असलेल्या गावाचे, की देह असलेल्या गावाचे?

हा प्रश्न अपवादात्मक प्रसंगाचा नव्हे. भट्टीचा हंगाम पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे सहासात महिन्यांचा. गर्भ नऊ महिन्यांचा. तेव्हा भट्टीवर येणाऱ्या स्त्रीचे पुऱ्या दिवसांचे गरोदरपण दोन गावांत वाटले जाणारच. धनुर्वाताची पहिली सुई पाड्यावर टोचली, तर दुसरी भट्टीवर टोचावी लागते. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यावयाच्या, त्या मध्येच संपतात. आशा कार्यकर्ती सामान्यतः हजार वस्तीमागे एक. त्या हजारांत या झोपड्या कोणी धरल्याच नाहीत, तर त्या बिचारीस तरी दोष कसा द्यावा?

'अशा स्थितीत बाईने घर सोडावेच का?' असे आमच्यातील काही सज्जन विचारतात. त्यांस आमचे विचारणे इतकेच, की आपल्या लेकी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात गाव सोडून माहेरी येतात, त्या वेळी हा प्रश्न कोणास सुचतो काय? गरोदर स्त्रीचा प्रवास आपल्या समाजाला परका नाही. फरक असा, की एकीच्या वाटेच्या शेवटी आई, शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू असतात. दुसरीच्या वाटेच्या शेवटी चिखलाचा गारा. पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून घेतलेला बयाणा नवराबायकोच्या जोडीवर घेतलेला असतो. ती मागे राहिली, तर तो फिटावयाचा कसा?

कायद्याने काही केले नाही, असे नाही. मुंबई इलाख्यात 1929 साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतीच्या साहाय्याचा कायदा झाला. आदल्या वर्षी कायदेमंडळात त्याचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब मानली होती. पुढे 1961 च्या कायद्यात, 1988 च्या दुरुस्तीनंतर, वर्षात 80 दिवसांचे काम पुरेसे ठरले, आणि 2020 च्या संहितेनेही तीच अट ठेविली. भट्टीवरच्या बाईचे 80 दिवस केव्हाच भरतात. पण हिशेब विटांच्या हजारावर आणि नवऱ्याच्या नावावर! वहीत विटा मोजल्या जातात, तिचे दिवस नव्हेत. परप्रांतीय मजुरांसाठी 1979 साली वेगळा कायदा झाला, तोही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. मोखाड्याहून भिवंडीस येणारी ओलांडते ती केवळ जिल्ह्याची.

आमच्या मते कर्तव्य देहामागे चालले पाहिजे. हंगामाच्या आरंभीच परिचारिकेने भट्ट्या फिरून गरोदर स्त्रियांची नावे घ्यावीत, मालकाने बाईचे नाव वहीत वेगळे लिहावे. यादीपेक्षा माणसे वाढली की औषधे कमी पडतील, ही केंद्रावरील डॉक्टरांची अडचण खरी आहे. पण तो भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि श्रमाचा नफा घेणारा मालकही त्यातून अगदी सुटू नये, हे डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच मांडून ठेविले आहे.