थांबवण्याचा अखत्यार

अणुऊर्जेचा नवा कायदा 2025च्या डिसेंबरात संसदेत संमत झाला, तेव्हापासून चाललेला वाद जवळजवळ सर्वस्वी एकाच हिशेबात अडकला आहे: अपघात झालाच, तर भरपाई कोणी द्यावी आणि किती. हा प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु तो अपघातानंतरचा आहे. चालती अणुभट्टी बंद करण्याचा हुकूम कोणी द्यावा, आणि तो देताना त्याला कोणाच्या मर्जीची फिकीर नसावी, हा अपघातापूर्वीचा प्रश्न मात्र कोणाच्या फारसा तोंडी नाही. अणुऊर्जा मुळातच नको म्हणणाऱ्यांशी येथे वाद नाही; तारापूर 1969 पासून वीज देत आहे.

वाद आहे तो एका प्रतिष्ठित युक्तिवादाशी. या विद्येचे जाणकार देशात मूठभर, तेही एकाच अणुऊर्जा खात्यात वाढलेले, तेव्हा त्यांची परीक्षा त्यांच्यातल्याच कोणी घ्यावी, बाहेरचा केवळ लुडबुड करील, असे तो सांगतो. तो ऐकावयास समंजस वाटतो, म्हणूनच अधिक घातक आहे. 1983 मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले, त्याचे अध्यक्षपद खात्याच्या सचिवाकडेच असे, हे याच विचाराचे फळ होय.

भुसावळकरांना तरी या युक्तिवादातील गफलत समजावून सांगावी लागू नये. रेल्वेचे सुरक्षा आयुक्त रेल्वेच्याच सेवांतून आलेले अभियंते असतात. रूळ, सिग्नल, इंजिन यांचे त्यांचे ज्ञान रेल्वेतच कमावलेले. तरीही 1941 मध्ये त्यांना रेल्वे बोर्डाच्या अंमलाखालून काढण्यात आले, आणि आज ते नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. त्यांच्या मंजुरीवाचून नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावत नाही. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी दुसऱ्या गाडीखाली सापडले, तेव्हा चौकशीही त्यांच्याकडेच गेली. त्यांच्या साऱ्याच शिफारशी रेल्वे मानते असे नाही; परंतु जाणकार तेच ठेवून त्यांचा धनी बदलता येतो, एवढे यातून निर्विवाद सिद्ध होते.

जाणण्याची योग्यता एक आणि थांबवण्याचा अखत्यार दुसरा. पहिली उसनी घेता येते, दुसरा घेता येत नाही. 31 मार्च 1993 रोजी नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, नियंत्रणाच्या केबली जळाल्या आणि केंद्र कित्येक तास विजेविना राहिले. पात्यांच्या रचनेतील दोषाची सूचना त्यापूर्वीच हाती आली होती. ज्ञान होते, थांबा म्हणणारा नव्हता.

अण्वस्त्रांच्या बाबतीत गोपनीयतेची सबब पुढे येते. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यालगत राहणाऱ्यांना गुपिताचे कारण पटते. पण शत्रूपासून आराखडा लपवणे आणि निरीक्षकापासून दोष लपवणे एकच कसे? 2000 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रावरील देखरेख मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे देण्यात आली. 2003च्या जानेवारीत, याच केंद्राच्या कल्पाक्कम येथील पुनर्प्रक्रिया प्रकल्पात सहा कर्मचाऱ्यांना मर्यादेपलीकडचा किरणोत्सर्ग सोसावा लागला.

नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे मान्य. जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या खासदारांनी आता भरपाईच्या आकड्यांवर घसा कोरडा करण्याऐवजी सभागृहात एवढेच विचारावे: खात्याचा विरोध असताना या मंडळाच्या हुकुमाने अणुभट्टी बंद होईल काय, आणि तो हुकूम देणाऱ्याची नेमणूक कोणाच्या हाती राहील?