सर्वांचे छप्पर, कोणाचे ऊन?

परमेश्वराने ऊन कोणाच्या नावावर करून दिलेले नाही. सज्जनांच्या अंगणात पडते तसे ते दुर्जनांच्याही अंगणात पडते, हे आपण शुभवर्तमानात वाचले आहे. ज्या छपरावर ते पडते त्याला मात्र मालक असतो. आणि छप्पर समाजमंदिराचे असेल तर मालक अनेक असतात. असे छप्पर सौर पॅनेलसाठी एखाद्या कंपनीला वीस-पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावे काय, हा प्रश्न आता केवळ शहरांचा राहिलेला नाही.

आधी हिशेब पाहू. साधारण शंभर चौरस फूट छपरावर एक किलोवॉटची पॅनेल बसतात आणि वर्षाच्या सरासरीने ती दिवसाला चारेक युनिट वीज देतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरातून वर्षाकाठी चौदा हजार युनिटांच्या आसपास वीज मिळू शकते. भांडवल कंपनीचे, देखभालही तिचीच. समाजमंदिराच्या वाट्याला येते ते ठरलेले भाडे किंवा स्वस्त दराची वीज. चार दिवे आणि सहा पंखे असलेल्या सभागृहाला एवढी वीज लागत नाही. उरलेली तारांवाटे बाहेर जाते. नीतीचा प्रश्न, आमच्या मते, या उरलेल्या विजेपासून सुरू होतो.

जव्हार तालुक्यातील वांगणीचा विचार करा. वावर-वांगणी हे नाव उभ्या महाराष्ट्राला १९९२ साली कळले, ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. या डोंगरांवर पाऊस धो धो कोसळतो, तरी उन्हाळा आला की कितीतरी पाड्यांवर बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. शेजारच्या मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचे १०२ मीटर उंचीचे धरण उभे आहे. त्याचे पाणी मुंबईची तहान भागवते. मुंबईकरांनी पाणी पिऊ नये, असे कोण म्हणेल? परंतु धरणाच्या तालुक्यात घागर रिकामी राहावी, यात काहीतरी चुकले आहे, हे कळायला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही. पाण्याचे जे झाले ते उन्हाचे होऊ नये, ही आमची काळजी आहे.

कोणी म्हणेल, समितीने राजीखुशीने सही केली, कंपनीने ठरलेले भाडे दिले. मग अन्याय कोठे झाला? हा युक्तिवाद जुना आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुरीच्या संदर्भात त्याचा समाचार घेतला. मालक आणि मजूर यांची संमती झाली तरी त्या संमतीहून थोर असा नैसर्गिक न्याय असतो आणि नाइलाजाने पत्करलेली अट त्या न्यायाची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. निकडीत सापडलेल्या गावापुढे पंचवीस वर्षांचा इंग्रजी करार ठेवला, तर त्यावरील अंगठा मोकळ्या मनाने उठला असे आपण कसे म्हणावे?

कायद्यालाही ही जाणीव आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीची राखणदार मानले. चर्चच्या धर्मनियमांतील १२८४ वा नियम विश्वस्ताकडून भल्या कुटुंबप्रमुखाची दक्षता मागतो. या सर्वांचे सांगणे एकच: समाईक वस्तू सांभाळणारा तिचा मालक होत नाही.

मग पट्टा देऊच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाची गत आपण जाणतो. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ साली दोन हजारांहून अधिक पॅनेल बसली, हेही आपल्यासमोर आहे. ज्या संस्थेकडे भांडवल नाही, तिने कंपनीचे साहाय्य घेणे यात कमीपणा नाही. काही बंधने मात्र पाळावीत. करार मराठीत लिहून सर्वांसमोर मोठ्याने वाचला जावा. उरलेल्या विजेतून वा तिच्या मोबदल्यातून गावच्या अंगणवाडीचा दिवा आणि पाण्याचा पंप आधी चालावा. मुसळधार पावसात छप्पर गळले तर दुरुस्ती कोणी करायची आणि मुदत संपल्यावर निकामी पॅनेल कोणी उचलून न्यायची, हे कागदावर स्पष्ट असावे.

सर्वांत महत्त्वाची अट काळाची आहे. पंचवीस वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. आज अंगणवाडीत बसणारे मूल करार संपेल तेव्हा स्वतः आईबाप झालेले असेल. त्याच्या वतीने आपण आज सही करतो. म्हणून दर पाच वर्षांनी फेरविचार करण्याचा हक्क राखून ठेवणे हे त्या मुलाचे आपल्यावरील ऋण आहे.

आपल्या धर्मग्रामांची सभागृहेही मूठमूठ वर्गणीने आणि अंगमेहनतीने उभी राहिली. त्यांच्या छपरांचा प्रस्ताव उद्या आपल्या परिषदेपुढे येईल, तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा निघेल. तो जरूर विचारावा; पण त्याआधी, या उन्हाने शेजारच्या कोणाच्या घरी उजेड पडणार आहे, हे विचारून घ्यावे.