संशयाची तिसरी जागा

गौतमांच्या न्यायसूत्रांतलं पहिलंच सूत्र सोळा गोष्टींची यादी देतं आणि सांगतं, की यांचं खरं ज्ञान झालं की निःश्रेयस, म्हणजे परमकल्याण, साधतं. यादीत पहिलं प्रमाण, दुसरं प्रमेय आणि तिसरा संशय. आमच्या घरी आजी गीतेचा चौथा अध्याय म्हणायची. संशयात्म्याला ना इहलोक, ना परलोक, ना सुख, हे लहानपणापासून कानांवर होतं. त्यामुळे एम.ए.ला न्यायसूत्रं हाती आली तेव्हा मी अडखळले ती इथेच. एका ग्रंथाने ज्याला नाशाचं कारण म्हटलं, ते दुसऱ्याने मोक्षाच्या यादीत इतक्या वर का बसवावं?

पुढे साताऱ्यातलं वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी चालवायला घेतलं. आता तिथे बहुतेक लॅपटॉप येतात, आणि त्यांतले निम्मेअधिक ‘चार्ज होत नाही’ ही एकच तक्रार घेऊन येतात. या कामाने मला त्या तिसऱ्या जागेचं महत्त्व पटवलं.

मध्यंतरी पॉलिटेक्निकला शिकणारी एक मुलगी आली. म्हणाली, “ताई, नवी बॅटरी टाकली तरी टक्के वाढत नाहीत. आता बॅटरी टाकणारे म्हणतात, बोर्ड गेलाय.” वडील एसटीत ड्रायव्हर. बॅटरीचे पैसे आधीच गेले होते आणि बोर्डाचा आकडा ऐकून ती घाबरली होती. चार्जर लावला की लॅपटॉप चालायचा, पण रेंगाळत. चार्जरवर छापलं होतं: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॅट. मीटर लावला, १९.६ व्होल्ट आले. आधीच्या ठिकाणीही मीटर लावूनच चार्जरला निर्दोष ठरवलं होतं. मीटर खरं बोलत होता. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र खोटं होतं.

नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. धूर दिसला तर आग आहे, हे पक्कं. उलट बाजूने मात्र ते म्हणता येत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. धुरासाठी आगीला ओलं जळण मिळावं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ‘व्होल्टेज येतंय, म्हणजे चार्जर चांगला’ या वाक्यातही अशीच एक अट दडलेली आहे.

त्या चार्जरची पिन जवळून पाहावी. बाहेरची नळी ग्राउंडची, तिच्या आतला पत्रा १९.५ व्होल्टचा आणि मधोमध सुईसारखी एक बारीक पिन. या पिनेतून वीजपुरवठा होत नाही. चार्जरमधली एक छोटी चिप तिच्यातून लॅपटॉपला कळवते की मी इतक्या वॅटचा आहे. हा निरोप पोचला नाही तर लॅपटॉप बंद पडत नाही, पण प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि बॅटरी भरायला नकार देतो. व्होल्टेज पूर्ण, तरी चार्जिंग नाही.

मग अन्वय-व्यतिरेक करायचा. एक असताना दुसरं असतं का, आणि ते नसताना नसतं का? माझ्याकडचा खात्रीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर तिच्या लॅपटॉपला लावला. टक्के चढू लागले. तिचा चार्जर त्याच जातीच्या दुसऱ्या लॅपटॉपला लावला. तिथेही बॅटरी भरेना. म्हणजे दोष चार्जरबरोबर फिरत होता. बोर्ड सुटला, बॅटरीही सुटली. पिनेच्या मानेपाशी, जिथे केबल रोज वाकते, तिथलं रबर चिरलं तेव्हा आतली केसाएवढी तिसरी तार तुटलेली निघाली. नवी कॉर्ड सोल्डर करून काही शे रुपयांत काम झालं.

‘व्होल्टेज येतंय’सारख्या फसव्या हेतूंना, म्हणजे अनुमानाच्या आधारांना, न्यायात हेत्वाभास म्हणतात, आणि आमच्या टेबलावर ते रोज भेटतात. अडॅप्टरचा दिवा लागतो, मीटरवर आकडा बरोबर येतो, पण १२ व्होल्टचे गाडीचे दोन बल्ब एकामागे एक जोडून भार टाकला की व्होल्टेज कोसळतं. याच्या उलट, टाइप-सीचा उत्तम चार्जर नुसत्या मीटरला शून्य दाखवतो, कारण पलीकडे उपकरण जोडलंय हे कळल्याखेरीज तो वीज सोडत नाही. सोडतो तीही आधी पाच व्होल्ट, बोलणी झाल्यावर वीसपर्यंत. पहिल्याला चांगला म्हणणं आणि दुसऱ्याला मेलेला म्हणणं, दोन्ही निर्णय डोळ्यांनी पाहूनच चुकतात.

आता गौतमांचं दुसरं सूत्र पाहा. दुःख जन्मामुळे, जन्म प्रवृत्तीमुळे, प्रवृत्ती दोषांमुळे, दोष मिथ्याज्ञानामुळे. मुळातलं गेलं की त्याच्यावर उभं असलेलं एकेक जात जातं आणि शेवटी अपवर्ग, म्हणजे मोक्ष. फॉल्ट शोधणाऱ्याला ही रीत ओळखीची आहे: लक्षणापासून निघायचं आणि कारणाचं कारण विचारत मागे जायचं. गौतम तळाशी पोचतात तेव्हा तिथे पाप किंवा दैव सापडत नाही, सापडतं चुकीचं ज्ञान. आणि चुकीच्या ज्ञानाला स्वतःची चूक दिसत नाही. ते अगदी खात्रीच्या आवाजात बोलतं. त्या खात्रीला तडा देणारी पहिली गोष्ट संशय. त्याच्याशिवाय सुटकेची सुरुवातच होत नाही, म्हणून त्याला तिसरी जागा.

मग गीतेचं काय? मला तिथे विरोध दिसत नाही. त्याच सोळांच्या यादीत नववा आहे निर्णय. न्यायाचा संशय तिसऱ्या जागेवरून निघतो तो नवव्या जागी पोचण्यासाठी. गीता ज्याला नष्ट होणारा म्हणते तो मधेच बसून राहिलेला माणूस. तपासायला तयार नाही आणि मानायलाही नाही. श्रद्धेला संशयाची भीती वाटायला नको, हे याच परंपरेने दाखवून दिलंय. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला घेतला तो विरोधकांचे पाच आक्षेप समोर ठेवून. ग्रंथाचे पाच स्तबक, म्हणजे प्रकरणं, त्या आक्षेपांना धरूनच आहेत. देवावर इतकं प्रेम असणाऱ्या माणसाने आधी नास्तिकाचं म्हणणं नीट मांडून घेतलं.

एक गोष्ट मात्र चार्जरपाशी संपते. इथे ताडून पाहायला खात्रीचा दुसरा चार्जर असतो. आयुष्य ताडून पाहायला दुसरं आयुष्य मिळत नाही. तिथे कुणाच्या तरी शब्दावर विसंबावंच लागतं. ती मुलगी माझ्या शब्दावर विसंबली, तसंच. असा विश्वास ठेवण्याजोगा माणूस, म्हणजे आप्त, कोण? न्यायभाष्यात वात्स्यायनांनी सांगितलंय: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांना सारखंच लागू, असंही ते स्पष्ट म्हणतात. जात, गादी, वेश यांतलं काही त्यात नाही.

वैद्य, वकील, कीर्तनकार, मेकॅनिक, ज्याच्या शब्दावर दुसरा आपला पैसा किंवा जीव लावतो, त्या प्रत्येकाला हे लक्षण बांधून घेतं. माझ्या खात्रीची किंमत समोरचा मोजणार असेल, तर ती खात्री आधी संशयाच्या हवाली करणं हे माझ्यावरचं ऋण आहे. अंदाजालाच ज्ञान म्हणून विकणं मी अधर्म मानते, मग ते काउंटरवर घडो की व्यासपीठावर.