आखर सुटताना

सकाळी फिरायला निघालो तेव्हा कळमेश्वरच्या कडेला आखरावर ढोरं जमत होती. संत्र्याच्या बगिच्यांवर अजून धुकं होतं. घराघरातून एकदोन जनावरं येत होती आणि गायकी, म्हणजे गावची ढोरं चारणारा, त्यांना नजरेनंच मोजत होता. एक खैरी गाय आली नव्हती. ते त्याला लगेच कळलं.

आमची आजी वेळ ढोरांवरूनच सांगायची. ‘आखर सुटला’ म्हणजे ऊन वर आलं, ‘ढोरं आली’ म्हणजे दिवा लावायचा. दक्षिण सुदानात नाईलच्या दलदलीत राहणाऱ्या नुएर लोकांचंही असंच. इव्हान्स-प्रिचर्ड हा अभ्यासक त्यांच्यात राहिला आणि १९४० सालच्या पुस्तकात त्यानं नोंदवलं, की त्यांच्या भाषेत ‘वेळ’ असा शब्दच नाही. दूध काढणं, गुरं सोडणं, परत आणणं, यांतच दिवस पुढे सरकतो. शेजारच्या डिंका लोकांमधले तरुण आवडत्या बैलाच्या रंगावरून स्वतःला नाव घेतात. शेणाचा धूर करून ते गुरांवरचे डास पळवतात, हे वाचलं तेव्हा आमच्या गोठ्यातल्या गोवरीचा वास नाकात आला.

पण एका जागी मन अडतं. नुएर माणूस स्वतःच्या गाईंमागे चालतो. मुलाचं लग्न जमतं तेही त्या गाई मुलीच्या घरी देऊन. आमचा गोवारी समाजातला गायकी मात्र पिढ्यानपिढ्या गावाच्या गाईंमागे चालत आला. कोणती लंगडते, कोणती गाभण आहे, हे मालकाआधी त्याला कळायचं. गाय मालकाची, त्याच्या वाट्याला ठरलेलं धान्य. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या दिवशी तो ढाल घेऊन नाचत यायचा, तेवढा एक दिवस गाव त्याचं असायचं.

१९९४ साली तो पाडवा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. २३ नोव्हेंबरला गोवारी अनुसूचित जमातीचा हक्क मागायला नागपूरला विधानभवनाकडे निघाले आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. बहुतेक बाया आणि लेकरं. इथून ती जागा वीस-पंचवीस किलोमीटरवर. सीताबर्डीतल्या स्मारकापाशी मी दर वेळी थांबतो, आणि दर वेळी तो आकडा पुन्हा वाचतो.

आखरावर गायकीनं हाळी दिली. गल्लीतून खैरी धावत आली, त्याच्या हाताला नाक लावून कळपात शिरली, आणि आखर सुटला.