परसातली खोप

दिवाळीच्या तोंडावर घरे झाडायला काढली, की वर्षभर कोनाकोपऱ्यांत दडून बसलेल्या वस्तू अंगणात येतात. शिडी, पहार, कुदळ, कान मोडलेली घमेली, उरलेली कौले, जळाऊ लाकडे. त्यांना घरात ठेववत नाही आणि टाकूनही देववत नाही. मग घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात येते, की परसात आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी एखादी खोप उभी करावी. त्याला थोडीफार हौस असेल, तर लगेच दुसरा विचार येतो : आपली आपणच का बांधू नये?

विचार साधा दिसतो, पण त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे. गावात सुतार असताना, त्याला काम हवे असताना आणि त्याची मजुरी देण्याची आपली ऐपत असताना, आपण हातात करवत घ्यावी का? घ्यावी तर कशासाठी?

‘स्वावलंबनासाठी’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. शाळेच्या भिंतीवर ते वाचत आपण लहानाचे मोठे झालो. परंतु स्वावलंबनाच्या मोठ्या उदाहरणांकडे जरा जवळून पाहिले, तर निराळेच काही दिसते. अमेरिकेतला थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. तिचा खर्च त्याने अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट असा पैपैचा मांडून ठेवला आहे. उरल्यासुरल्या सामानातून त्याने शेजारी लाकडे ठेवायला एक लहानशी खोपही केली. पण जमीन होती त्याचा मित्र इमर्सन याची. कुऱ्हाड उसनी आणलेली. फळ्या मिळाल्या त्या रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन. आणि सांगाडा उभा करायच्या दिवशी हात लावायला मित्रमंडळी जमली होती. हे सगळे त्याने आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. विसरलो ते आपण, त्याचे वाचक. एकट्याने बांधलेली झोपडी म्हणून जी जगभर गाजली, तिलाही एवढ्या जणांचे हात लागलेले होते!

मग परसातल्या खोपीची काय कथा? कुणी छपराला मंगलोरी कौले घालील. त्या कौलांचा पहिला कारखाना बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास काढला. कुणी पन्हळी पत्रा घालील. त्याचे पेटंट हेन्री पामर नावाच्या इंजिनिअराने १८२९ साली लंडनमध्ये घेतले. खिळा कुणी ओतला, करवतीला दात कुणी पाडले, ते तर आपल्याला ठाऊकसुद्धा नसते. ‘मी बांधली’ या दोन शब्दांतला ‘मी’ इतका लहान आहे.

तरीही माझे मत असे, की खोप जरूर स्वतः बांधावी. मात्र दुसऱ्यावाचून आपले अडत नाही हे दाखवण्यासाठी नव्हे, तर किती अडते ते समजण्यासाठी.

जोत्याचा कोपरा आखण्यापासूनच हे समजू लागते. एका बाजूवर तीन फुटांवर खूण करावी, दुसरीवर चार फुटांवर, आणि मधली दोरी बरोबर पाच फूट भरली, की कोपरा काटकोनात आला. फळ्यावर हा सिद्धान्त शिकवण्यात माझी वर्षे गेली. यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या ग्रंथांना ‘शुल्बसूत्रे’ म्हणतात आणि शुल्ब म्हणजे दोरी, हेही मी मुलांना सांगत असतो. पण निरक्षर गवंडी सिद्धान्ताचे नाव न घेता हीच दोरी ताणतो, तेव्हा त्याला विद्वान म्हणण्याचे आपल्याला सुचत नाही.

पुढे मेढी येतात. मेढीचे बूड डांबर फासून मगच खड्ड्यात सोडायचे, नाहीतर वाळवी लागते. ओळंब्याने तिचा तोल पाहायचा. पत्रे घालायचे ते वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करून, म्हणजे जोडात वारा शिरत नाही. खिळा मारायचा तो पन्हळीच्या माथ्यावर; खोलगटात कधीही नाही, कारण पावसाचे पाणी तिथूनच वाहते. यातली एकेक गोष्ट कुणीतरी गळक्या छपराखाली रात्र काढून शिकलेला असणार. आपल्याला ती सुताराच्या एका वाक्यात मिळते, आणि त्या वाक्याचे आपण पैसे देत नाही.

कुणी म्हणेल, हे तत्त्वज्ञान ठीक आहे, पण सुताराची चार दिवसांची मजुरी बुडाली त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. ऐपत असताना केवळ पैसे वाचवण्यासाठी करवत हाती घेतली, तर ते स्वावलंबन नव्हे. ती कंजूषी आहे. अंगावर खादी घातली म्हणून ती काही साधू होत नाही. शिवाय ‘स्वतः केले’ याचा अभिमान ज्याला न करण्याची मुभा असते त्यालाच वाटतो. आपल्या गावगाड्यात हातांची कामे जन्माने वाटली गेली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्यांची घरे शाकारली, त्यांच्या श्रमाला कुणी स्वावलंबन म्हटले नाही. लांब कशाला जा? घरधनी एक खोप बांधतो आणि फराळाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला परसात नेऊन ती दाखवतो. तो फराळ जिने आठ दिवस चुलीपुढे बसून केला, ती पाहुण्यांना ‘चकली स्वतः केली हो!’ असे सांगत फिरत नाही.

गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत रस्किनचे पुस्तक वाचले आणि त्यातून आपण काय घेतले ते आत्मकथेत नोंदवले. श्रमाचे जीवन हेच खरे जीवन, हा त्यातला एक धडा. आपण तो पुष्कळ घोकला. पण त्याच्या आधीचा धडा असा होता, की वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच असले पाहिजे. तो मात्र आपण सोयीस्करपणे पुस्तकातच ठेवला. पहिला दुसऱ्यावाचून निव्वळ हौस होऊन बसतो.

म्हणून स्वतः बांधलेल्या खोपीची परीक्षा ती पावसात गळते की नाही, एवढ्यावर होत नाही. पुढे कधी दाराची चौकट बसवायला सुतार येईल आणि मजुरीचा आकडा सांगेल. ‘इतक्याशा कामाला इतके?’ हे वाक्य सवयीने आपल्या ओठांवर येईल. त्या वेळी तळहातावरचे घट्टे आठवून ते वाक्य जर आपण गिळले आणि सांगितलेली मजुरी मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवली, तर खोप बांधायला आपण घेतलेले ते चार दिवस सत्कारणी लागले असे समजावे.